आधी नारळ, मग आराखडा

सोलापूरच्या माणसाला कापडातलं कुणी शिकवायला जाऊ नये. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढं कित्येक वर्षं गिरणीच्या भोंग्यावर या गावानं घड्याळं लावली, पोरं उठवली, चहाचं आधण ठेवलं. भोंगे बंद झाले, तरी पूर्व भागातून चालत जा, यंत्रमागांचा खडखडाट अजून सोबतीला येतो. आणि चादर नुसती हातात तोलून तिची खोड सांगणारी माणसं अजून गल्लीगल्लीत भेटतात. अशा गावात येऊन पुण्याच्या एका तिशीतल्या इंजिनिअरनं भर मीटिंगमध्ये सांगितलं, "सर, तुमचं फॅब्रिक प्लॅनच केलेलं नाही."

क्षणभर कुणी बोललं नाही. आमच्या समितीत तीन पिढ्यांचे एक यंत्रमागवाले आहेत. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांनी आधी स्वतःच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून पाहिली, मग माझी पाहिली आणि म्हणाले, "ह्या सरांचं असेल ओ. आमचं बरोबर आहे."

ही समिती ज्या संस्थेची, तिचं नाव मी सांगणार नाही. ती ठेवी घेते, कर्जं देते आणि दरवर्षी न चुकता कॅलेंडर छापते. एवढ्या खुणेवरून निम्म्या सोलापूरला ती आपलीच संस्था वाटेल, आणि त्याला माझी हरकत नाही. संगणक समितीवर मला घेतलं ते भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर म्हणून. 'वीज हा सरांचा विषय' असं अध्यक्ष म्हणाले. कॉम्प्युटर विजेवर चालतो, तेव्हा त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही.

तर तो इंजिनिअर बिचारा सदऱ्याविषयी बोलत नव्हता. संगणकाच्या खोलीत दोन प्रकारची कपाटं असतात. एकात डोकं असतं, दुसऱ्यात आठवण. डोक्याच्या कपाटाला सर्व्हर म्हणतात; आठवणीच्या कपाटाला स्टोरेज. कुणाच्या खात्यात किती, कुणाचा हप्ता थकला, कुणाची ठेव कधी पिकली, हे सगळं दुसऱ्या कपाटात. डोक्याला आठवणीपर्यंत पोचायचं तर मधे रस्ता पाहिजे. त्या रस्त्यावर बसलेला सांधेवाला म्हणजे फायबर चॅनेल स्विच. होटगी जंक्शनला कुठली गाडी गुंटकलकडे आणि कुठली विजापूरकडे हे जसं सांध्यावर ठरतं, तसं कुठल्या सर्व्हरची मागणी कुठल्या डिस्ककडे हे या स्विचमध्ये ठरतं. आणि असे स्विच आणि त्यांना जोडणाऱ्या केबली मिळून जे विणकाम होतं, त्याला या शास्त्रात खरोखरच 'फॅब्रिक' म्हणतात. नाव मी दिलेलं नाही. सोलापूरकरांना डिवचायला इंजिनिअरनंही दिलेलं नाही.

या पद्धतीला अमेरिकेत अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली ती १९९४ साली. तेव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. हे चॅनेल काचेच्या तंतूवरून चालतं, तसं तांब्याच्या तारेवरूनही चालतं. मग नुसतं 'फायबर' म्हटलं तर लोक काचच समजतील. म्हणून त्या अमेरिकन मंडळींनी आपलं रोजचं स्पेलिंग बाजूला ठेवून मुद्दाम इंग्रजांचं स्पेलिंग घेतलं. म्हणजे ज्यांनी हे यंत्र काढलं, त्यांनी त्याच्या नावातली शेवटची दोन अक्षरंसुद्धा कुठल्या क्रमानं यावीत याचा विचार केला. आणि आम्ही ते यंत्र कुठल्या खोलीत ठेवायचं याचाही केला नव्हता.

आम्ही काय ठरवलं होतं ते ऐका. इतिवृत्तात सगळं आहे. पहिला ठराव उद्घाटनाच्या तारखेचा. दुसरा प्रमुख पाहुण्यांचा. तिसरा सत्काराच्या चादरीचा. त्यात चादर की टॉवेल यावर पाऊण तास चर्चा. चौथा अल्पोपाहाराचा. पाचव्या ठरावात 'स्विच बसविण्याचे काम संबंधितांनी करावे' असं एक वाक्य. हे 'संबंधित' कोण, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. आपल्याकडच्या सगळ्या सार्वजनिक कामांत हा एक गृहस्थ असतो. नाव संबंधित, पत्ता लागत नाही.

माझं भांडण त्या स्विचशी नाही. तो गरीब आहे. पितळेच्या डब्याएवढा जाड, कपाटात चार स्क्रूंवर बसतो. भांडण आहे 'बघू की' या दोन शब्दांशी. "जागा पुरेल का?" "बघू की." "वीज कुठून घेणार?" "घेऊ की ओ सर, बोर्ड आहे तिथं." "बंद पडला तर?" "नवीनच आहे की!" हा 'की' सोलापूरच्या बोलीत इतका गोड लागतो की त्यापुढं प्रश्न विचारणारा माणूस आपोआप खडूस ठरतो. मी ठरलो. मास्तर असल्यामुळं फार काही वेगळं वाटलं नाही.

लोकांची समजूत अशी आहे की स्विच आणायचा, बसवायचा, हे काम. आणि आराखडा म्हणजे त्याआधी इंजिनिअर लोक बिल वाढवायला जे कागद काढतात ते. हे पार उलटं आहे. बसवायला अर्धा तास लागतो. आराखडा हेच काम आहे.

आणि ही गोष्ट सोलापूरला सांगावी लागते याचंच मला नवल वाटतं. मी अण्णांना विचारलं, "चादर विणायला किती वेळ लागतो?" ते हसले. म्हणाले, "विणायला काय लागतंय? माग चालू केला की चादर पडतीच. वेळ लागतो तो त्याच्या आधी." मग त्यांनीच सगळ्या मीटिंगला सांगितलं. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची. त्या चौकटी मोजून जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. पुठ्ठे क्रमानं ओवायचे. शेकड्यांनी उभे धागे बिमावर घ्यायचे, एकेक धागा फणीच्या दातातून आपापल्या जागी न्यायचा. एक धागा शेजारच्या दातात गेला, तर ती चूक एका चादरीत थांबत नाही; त्या बिमावरच्या शेवटच्या चादरीपर्यंत रेघ ओढत जाते. "बाणा चुकला तर उसवता येतो," अण्णा म्हणाले, "ताणा चुकला की झालं." मग स्वतःच थांबले, इंजिनिअरकडं वळले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही ताण्याचं विचारायलाव तर!"

त्या क्षणापासून समितीत माझ्या बाजूनं दोन मतं झाली.

या ताण्यात काय काय येतं ते सांगतो. कंटाळू नका, आपलेच पैसे त्यात आहेत.

पहिलं, भोकं. स्विचला केबली खुपसायची भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. आमच्या स्विचला चोवीस. अध्यक्ष खूश. पण अशा स्विचमध्ये पुष्कळदा सगळी भोकं उघडी नसतात. आमची आठच उघडी होती; उरलेल्या सोळांचा परवाना वेगळा घ्यायचा, त्याचे पैसे वेगळे. चोवीस खोल्यांचा वाडा घेतला आणि किल्ल्या आठ मिळाल्या. आता आज किती सर्व्हर आहेत, तीन वर्षांनी किती होतील, प्रत्येकाला किती केबली, हे आधी कागदावर मांडलं असतं, तर हा शोध खरेदीनंतर लागला नसता.

दुसरं, वीज. चांगल्या स्विचला विजेच्या दोन दोऱ्या असतात. कारण उघड आहे: एकीकडची वीज गेली तर दुसरीकडून यावी. मी अशी एक खोली या डोळ्यांनी पाहिली आहे, जिथं या दोन्ही दोऱ्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डात शेजारी शेजारी खुपसल्या होत्या आणि तिसऱ्या भोकात मच्छरांचं यंत्र होतं. दोन दोऱ्या दोन वेगळ्या यूपीएसवरून, दोन वेगळ्या वाटांनी याव्या लागतात. नाहीतर ती बहिरेबुवांना दोन्ही कानांत घालायला दिलेल्या एकाच मशीनसारखी गोष्ट होते.

तिसरं, श्वास. स्विच गरम होतो, त्याला पंखे असतात. काही स्विच तोंडाकडून हवा घेऊन पाठीकडून सोडतात, काही पाठीकडून घेऊन तोंडाकडून. कपाटात सर्व्हर एका दिशेनं श्वास घेत असतील आणि स्विच उलटा बसवला, तर सर्व्हरनं टाकलेला उष्ण उच्छ्वास तो आयुष्यभर हुंगत बसतो. आणि हे सोलापुरात, जिथं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि माणूससुद्धा दुपारी दारं लावून पडून राहतो! त्यात संस्थेतला सगळ्यात चांगला एसी कुणाच्या केबिनमध्ये असतो ते मी सांगायला नको.

चौथं, काच. केबलीतला काचेचा तंतू बाहेरून मिलिमीटरचा आठवा भाग जाड असतो, आणि उजेड ज्यातून धावतो तो गाभा मिलिमीटरचा विसावा भाग. ती केबल खिळ्याला गुंडाळता येत नाही, दारात चेमटता येत नाही, सुतळीनं करकचून बांधता येत नाही. टोकावर धुळीचा एक कण बसला तर उजेड अडतो. आणि धूळ हे तर सोलापूरचं दुसरं पीक. शिवाय वेग वाढला की पल्ला घटतो. नेहमी वापरात असलेल्या एका जातीच्या काचेतून ८ गिगाबिटच्या वेगानं १५० मीटर जाता येतं, १६ ला १००, आणि ३२ ला फक्त ७०. म्हणजे 'जुनीच केबल वापरू की' म्हणणाऱ्यानं आधी फीत घेऊन खोली मोजावी. तीही छतावरून, वळसे धरून. नकाशावर पट्टी ठेवून नव्हे.

पाचवं, कुणी कुणाला बघायचं. याला झोनिंग म्हणतात. स्विचला काही सांगितलं नाही आणि सगळं मोकळं सोडलं, तर सगळे सर्व्हर सगळ्या डिस्क बघू शकतात. आपल्याला वाटतं, चांगलं आहे, एकोपा आहे. पण एखादा सर्व्हर शेजारच्याची डिस्क बेवारशी समजून तिच्यावर स्वतःची सही ठोकून मोकळा होतो, आणि शेजाऱ्याचा संसार तिथं संपतो. म्हणून याद्या करायच्या: हा सर्व्हर, ही डिस्क, एवढंच. प्रत्येकाचं नाव सोळा अक्षरी असतं, आकडे आणि रोमन अक्षरं मिसळलेलं. ते फोनवरून लिहून घेणाऱ्या माणसाचे हाल मी ऐकले आहेत. 'बी ऐकू आलं की डी?' यावर तिथं ठेवीदारांचं भवितव्य लोंबकळत असतं.

आणि पत्रिका. स्विचची आज्ञावली, सर्व्हरमधलं कार्ड, स्टोरेज आणि ऑपरेटिंग सिस्टीम एकमेकांना चालतात की नाही याचा तक्ता कंपन्या देतात. तो आधी बघायचा असतो. मुलीच्या लग्नात छत्तीस गुणांपैकी अठरा जुळले तरी आपण पेढे वाटतो. इथं एक कमी पडला तरी काडीमोड, आणि तोही मार्चअखेरीला.

पण या सगळ्याहून मोठा मुद्दा एकच, तो म्हणजे दोन वाटा. स्विच एक घ्यायचा नसतो, दोन घ्यायचे असतात. आणि ते दोघं दोन स्वतंत्र फॅब्रिकं म्हणून ठेवायचे असतात. प्रत्येक सर्व्हरची एक केबल या स्विचला, एक त्या स्विचला. आमच्या एका सभासदांना हे ऐकून वाईट वाटलं. "दोघांना एकमेकांना जोडा की. अडीअडचणीला मदत करतील." भावना उत्तम. पण दोघांना जोडलं की त्यांचं एकच घराणं होतं. एकाच्या यादीत चूक शिरली की ती दुसऱ्याच्या यादीतही पोचते. शिवाय कोरे स्विच बहुधा प्रत्येक जण स्वतःला 'क्रमांक एक' समजूनच खोक्यातून बाहेर येतात. दोन क्रमांक एक एकत्र आले की काय होतं, हे सहकारी क्षेत्रातल्या माणसाला मी समजावून सांगणार नाही.

हे दुसऱ्या वाटेचं महत्त्व सोलापूरला पुस्तकातून शिकायची गरज आहे का? उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटर पाइपातून या गावाला येतं. टाकळी आणि हिप्परगा हे आणखी दोन आधार आहेत. पण उजनीची ती एक वाहिनी कुठं फुटली, किंवा पंपाची वीज गेली, की घरोघरी पिंपांची झाकणं वाजायची. चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी ही कित्येक वर्षं या गावची दिनदर्शिका होती. समांतर जलवाहिनीचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे केस काळे होते; ती जमिनीत उतरेपर्यंत काळे आणि पांढरे हा प्रश्नच उरला नाही. दुसरी वाट नंतर घालणं हे पहिल्या वाटेबरोबर घालण्यापेक्षा किती महाग पडतं, हे ज्याला पटत नसेल त्यानं सोलापुरात एक उन्हाळा काढावा.

मी हे सगळं घरी सांगत होतो. आमची ही गॅस बंद करत म्हणाली, "त्यात काय एवढं? आपल्याकडं दोन सिलिंडर आहेतच की." मी म्हटलं, बरोबर. ती म्हणाली, "पण दुसरा भरलेला आहे का ते मी महिन्याला हलवून बघते. दुसरा रिकामा असला तर तो दुसरा नसतोच." समितीच्या तीन बैठकांत जे कुणाला सुचलं नाही ते तिनं कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे सांगितलं. दुसरी वाट आहे, एवढ्यावर भागत नाही. ती एकटी सगळा भार उचलेल का, हे बघावं लागतं. दोन्ही वाटा रोज सत्तर-सत्तर टक्के भरून धावत असतील, तर एक बंद पडल्यावर उरलेलीनं एकशे चाळीस टक्के कुठून आणायचे?

हे सगळं लहान गावातल्या लहान संस्थेचं रडगाणं आहे, असं समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या करखात्याची गोष्ट सांगतो. १२ डिसेंबर २०१६ ला त्या खात्याची संगणक यंत्रणा कोसळली. कारण असंच, डिस्कांचं जाळं. २ फेब्रुवारी २०१७ ला पुन्हा बंद. जूनमध्ये खात्यानं स्वतःच चौकशीचा अहवाल जाहीर केला. तो वाचताना मला आपल्याच एखाद्या संस्थेचं इतिवृत्त वाचल्यासारखं वाटत होतं. डिस्क होत्या आठशे, त्यांतल्या निकामी झाल्या बाराच. दोष निघाला तो काचेच्या केबली नीट बसवल्या नव्हत्या त्यात. आधीचे काही महिने यंत्र इशारे देत होतं. ते कुणी पुरतेपणी मनावर घेतले नाहीत. आणि शेवटची कडी म्हणजे, यंत्रणा बंद पडल्यावर ती पुन्हा उभी करायची जी साधनं होती, त्यांतली काही त्याच बंद पडलेल्या यंत्रणेवर ठेवलेली होती! घराची जादा किल्ली घरातच खुंटीला टांगून कुलूप लावावं, तसं. तेव्हा 'बघू की' ही आपल्याच बोलीची मक्तेदारी आहे असा गर्व कुणी करू नये. ती इंग्रजीतही बोलली जाते. फक्त तिकडं नंतर अहवाल छापून लोकांपुढं ठेवतात.

इतक्या लांब जायला नको असेल तर होटगी रस्त्याला चला. विमानतळाच्या वाटेत आलेली साखर कारखान्याची ती उंच चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. डोळ्याची पापणी लवायच्या आत खाली. त्या चिमणीवरून किती मोर्चे निघाले, किती उपोषणं झाली, कोर्टात किती हेलपाटे झाले, हे प्रत्येक सोलापूरकराला पाठ आहे. कोण बरोबर, कोण चूक, यात मी शिरत नाही. मला अजून याच गावात भाजी आणायची आहे. मी एवढंच म्हणतो, की विमान आणि चिमणी या दोन वस्तू आकाशात भेटण्याआधी एका कागदावर भेटल्या असत्या, तर दोन्ही बाजूंच्या लोकांचं आयुष्य वाचलं असतं.

बरं, आराखडा करणं आपल्या रक्तातच नाही, असं म्हणावं तर तेही खोटं. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आठवा. मानाचे सात नंदीध्वज. कुठला पुढं, कुठला मागं, हे ठरलेलं. अडुसष्ट लिंगांची वाट ठरलेली. संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून ते वजन पेलण्याचा सराव चालतो. मिरवणुकीच्या दिवशी 'पुढं कुठं वळायचं?' असं विचारलं आणि 'बघू की' असं उत्तर मिळालं, असं या गावात कधी घडणार नाही. म्हणजे आपल्याला येतं. ज्या कामाला आपण मान देतो, तिथं आपण आराखडा करतो. देवाला देतो, लग्नाला देतो, मागाला देतो. मशीनच्या खोलीला देत नाही, कारण ती कुणाला दिसत नाही आणि तिथं फोटो चांगला येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'बघू की'च्या उलट एक रोग आहे, त्याचं नाव फाइल. इंजिनिअरचं ऐकून आम्ही एका सल्लागाराकडून आराखडा मागवला. चौसष्ट पानं, रंगीत, कडेनं तारेची बांधणी. बाविसाव्या पानावर 'आपल्या भिवंडी शाखेतील वातानुकूलन' असा मजकूर निघाला. आमची भिवंडीत शाखा नाही. अण्णा म्हणाले, "माल भिवंडीचा, शिक्का सोलापूरचा. हा धंदा आम्हाला ठाऊक आहे." तो आराखडा नव्हता, आराखड्याची चादर होती, अंगावर घेऊन निवांत झोपावं अशी. खरा आराखडा दोन पानांत मावतो. कुठली केबल कुठल्या भोकातून कुठल्या भोकात, कुठली दोरी कुठल्या विजेवर, कोण कुणाला बघणार, आणि बदल फसला तर मागं कसं यायचं. ही दोन पानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची, आणि केबलीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावायच्या. कारण रात्री दोन वाजता तिथं जे पोरगं उभं असेल, ते मीटिंगला हजर नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे फायबर चॅनेल आता जुनं झालं. साध्या इथरनेटवरही डिस्का जोडता येतात, आणि नाहीतर सगळंच क्लाउडवर टाकता येतं. अगदी खुशाल टाका. मी कुठल्या कंपनीचा एजंट नाही. पण इथरनेटची वाटही एकच असली तर एकच असते. आणि तो ढगही कुठंतरी जमिनीवरच उतरलेला असतो. तिथं पोचायचा तुमचा रस्ता एका खड्ड्यानं तुटत असेल, तर ढग कितीही भरून आला तरी तुमच्या अंगणात थेंब पडत नाही. यंत्र बदलल्यानं प्रश्न बदलत नाहीत. आणि 'आमची संस्था लहान, एवढं कशाला?' असं म्हणणाऱ्यांना माझं उलट सांगणं आहे. मोठ्याचं एक दिवस बंद राहिलं तर बातमी होते. लहानाचं बंद राहिलं तर रांग होते. त्या रांगेत कोण असतं ते एकदा काउंटरवर उभं राहून बघा. चेअरमन नसतात. दिवसभर विड्या वळून आठवड्याचे पैसे काढायला आलेली बाई असते. तिला आत काच तुटली की दोरी निसटली, हे कुणी सांगत नाही. तिला सांगतात, "सिस्टीम डाऊन आहे, उद्या या." तिचा अर्धा दिवस गेला, म्हणजे अर्ध्या दिवसाच्या विड्या गेल्या. तो तोटा आपल्या कुठल्याच ताळेबंदात येत नाही, म्हणून आपण 'बघू की' म्हणू शकतो. दुसऱ्याच्या मजुरीवर दाखवलेली ही बेफिकिरी आहे, आणि तिला मी दिलदारपणा म्हणायला तयार नाही.

म्हणून मी समितीपुढं एक लेखी सूचना ठेवली. उद्घाटन करा, जरूर करा. पाहुणे बोलवा, चादर घाला, शेंगाचटणीची पुडीही द्या. फक्त फीत कापू नका. पाहुण्यांनी मशीनच्या खोलीत यावं, कामाची वेळ असावी, बाहेर काउंटरवर रोजची गर्दी असावी, आणि पाहुण्यांनी दोन स्विचपैकी एकाची वीज स्वतःच्या हातानं काढावी. मग सगळ्यांनी बाहेर जाऊन कॅशिअरकडं बघावं. त्याची मान वर झाली नाही, रांग सरकतच राहिली, तर टाळ्या वाजवाव्यात आणि नारळ फोडावा.

अध्यक्षांनी सूचना दोनदा वाचली. म्हणाले, "सर, कल्पना चांगली आहे. पण पाहुण्यांदेखत सगळं बंद पडलं तर?"

मी म्हटलं, "तर नारळ शाबूत राहील. घरी नेऊन चटणी करा, आणि दोन पानं पुन्हा लिहा. पाहुण्यांदेखत बंद पडलेलं त्या बाईदेखत बंद पडण्यापेक्षा स्वस्त पडतं."

अण्णांनी अनुमोदन दिलं. अध्यक्षांनी सूचना इतिवृत्तात नोंदवायला सांगितली आणि पुढं लिहायला लावलं, 'अंमलबजावणी संबंधितांनी करावी.' ते शेवटचे तीन शब्द खोडून मी तिथं माझं आणि अण्णांचं नाव घातलं.